इंग्रजीचे सोवळे-ओवळे

१

इंग्रजीत 'शिबोलेथ' असा एक शब्द आहे. तो मूळचा हिब्रू. अर्थ, धान्याचे कणीस. बायबलच्या जुन्या करारात 'शास्ते' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात त्याची कथा येते. गिलादी लोकांनी एफ्राइमी लोकांचा पराभव केला आणि यार्देन नदीचे उतार रोखून धरले. पळून जाणारा माणूस उतारावर आला की पहारेकरी त्याला 'शिबोलेथ' म्हणायला सांगत. एफ्राइमींना 'श' म्हणता येत नसे. ते 'सिबोलेथ' म्हणत. तेवढ्यावरून त्यांना तेथेच कापून काढण्यात आले. बायबल मृतांचा आकडा ४२,००० देते.

आपल्याकडे पतंजलीच्या महाभाष्यात अशीच एक कथा आहे. असुर युद्धात 'हे अरयः' म्हणण्याऐवजी 'हेलयो' म्हणाले आणि म्हणून त्यांचा पराभव झाला. तात्पर्य असे काढले गेले की ब्राह्मणाने अपभ्रष्ट बोलू नये, व्याकरण शिकावे.

दोन्ही कथांत प्रश्न उच्चाराचा आहे असे दिसते. वस्तुतः यार्देनच्या उतारावरील पहारेकऱ्याला कणसाविषयी काहीच जाणून घ्यायचे नव्हते. त्याला समोरचा माणूस कोणत्या टोळीचा आहे, हे ठरवायचे होते. शब्द हे निमित्त होते.

मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. रोजच्या इंग्रजीतील बारीकसारीक चुका, त्या चुकांवर चिडणारे लोक आणि त्या चिडीतून निर्माण झालेली शेकडो पुस्तके हा माझ्या कामाचा भाग आहे. वाक्याच्या शेवटी 'टू', 'विथ' असे शब्दयोगी शब्द येऊ नयेत. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये तिसरा शब्द घुसू नये. 'लेस' कोठे आणि 'फ्यूअर' कोठे. 'होपफुली' हा शब्द असा वापरावा की नाही. अशा कितीतरी गोष्टींवर इंग्रज आणि अमेरिकन माणूस हमरीतुमरीवर येतो. हा सारा त्यांच्या घरातला वाद आहे, आपल्याला त्याचे काय, असे वरवर वाटेल. पण या वादातली पट्टी आपल्या वर्गात येते, मुलाखतीच्या टेबलावर येते आणि आपल्या मुलांच्या तोंडाला कुलूप घालते. म्हणून ती पट्टी कोणी तयार केली, हे पाहिले पाहिजे.

२

इंग्रजीचे हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. त्यांना तारखा आहेत. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी आल्याबद्दल जॉन ड्रायडनने बेन जॉन्सनसारख्या थोर नाटककाराला १६७२ साली दोष दिला. पुढे त्याने स्वतःचे जुने लेखनही त्या दृष्टीने सुधारले. ज्या लॅटिनवर ड्रायडनची पिढी वाढली, त्या लॅटिनमध्ये असा शब्द शेवटी लोंबकळत ठेवता येत नाही. लॅटिन ही त्यांची संस्कृत होती. एका भाषेचे माप दुसऱ्या भाषेच्या अंगाला लावायचे आणि ते बसले नाही की अंगालाच बेढब म्हणायचे, हा प्रकार आपल्याला नवा नाही. मराठीत 'कवी' मध्ये वेलांटी दीर्घ आणि 'कविता' मध्ये ऱ्हस्व; का, तर संस्कृतात 'कविता' तशी आहे. ज्याच्या घरात संस्कृत कधी आलीच नाही, त्याने हे कशाच्या आधारावर ओळखायचे?

१७६२ साली रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूने इंग्रजी व्याकरणाचे छोटे पुस्तक लिहिले. पुढे तो लंडनचा बिशप झाला. १७९५ साली लिंडले मरे याचे व्याकरण आले आणि ते इंग्लंड-अमेरिकेच्या शाळाशाळांतून पोचले. हा काळ व्यापारातून वर येणाऱ्या नव्या वर्गाचा होता. पैसा हाती आला होता, पण बैठकीत बसता येत नव्हते. बैठकीत बसण्यासाठी काय बोलावे आणि काय बोलू नये, हे सांगणाऱ्या पुस्तकाला गिऱ्हाईक तयार झाले. व्याकरण हे बाजारातील वस्तू झाले ते येथे.

यात एक गंमत आहे. मूळ ग्रंथकार जितके कडक नव्हते तितके त्यांचे अनुयायी कडक झाले. लाउथने वाक्यान्ती येणाऱ्या शब्दयोगीला सरसकट बंदी घातलेली नाही. हा प्रकार बोलण्यात रूढ आहे, गंभीर लेखनात टाळलेला बरा, एवढेच तो म्हणतो. आणि ते म्हणताना त्याच वाक्यखंडाच्या शेवटी तो शब्दयोगी ठेवतो. 'लेस' आणि 'फ्यूअर' यांचा भेद रॉबर्ट बेकरने १७७० साली मांडला, तो आपली आवड म्हणून. पुढे त्या आवडीचा कायदा झाला, आणि २००८ साली ब्रिटनमधील टेस्को या दुकानसाखळीला दहापर्यंत वस्तू घेणाऱ्यांच्या रांगेवरील पाटीचे शब्द बदलावे लागले. 'टू' आणि क्रियापद यांच्यातील सोवळे तर एकोणिसाव्या शतकात वाढले. एच. डब्ल्यू. फाउलर हा १९२६ सालच्या प्रसिद्ध वापरकोशाचा कर्ता. त्यानेही या सोवळ्याची थट्टा केली आणि ज्यांना हा नियम ठाऊकच नाही तेच लोक सुखी, असे मत दिले. देव एकवेळ क्षमा करील, पुजारी करत नाही.

अलीकडचे उदाहरण लिन ट्रस यांच्या २००३ सालच्या विरामचिन्हांवरील पुस्तकाचे. ते अमाप खपले. पुस्तक हुशारीने लिहिलेले आहे आणि विरामचिन्हांनी अर्थ कसा राखला जातो हे त्यात चांगले दाखवले आहे. पण 'इट्स' या शब्दात वरचा स्वल्पविराम चुकवणाऱ्याच्या डोक्यावर वीज पडावी, त्याचे तुकडे करावेत आणि त्याला बेवारशासारखे पुरावे, अशा आशयाचा विनोदही त्यात आहे. तो विनोद आहे, हे मला कळते. इंग्रज वाचक हसतो, कारण त्याच्या इतिहासात व्याकरण चुकले म्हणून त्याच्या आजोबाला कोणी पुरलेले नाही. गौतम धर्मसूत्राने वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापवलेले शिसे आणि लाख ओतायला सांगितले आहे. ज्यांच्या पूर्वजांसाठी शब्द ऐकणे हाच गुन्हा होता आणि त्या गुन्ह्याला शिक्षा लिहून ठेवली होती, त्यांनी या विनोदावर किती हसावे?

३

१९५४ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातील प्राध्यापक ॲलन रॉस यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. इंग्लंडमधील वरचा वर्ग आता पैशाने किंवा शिक्षणाने वेगळा ओळखू येत नाही, तो बोलण्यावरून ओळखू येतो, असे त्यांचे निरीक्षण होते. नॅन्सी मिटफर्ड यांनी पुढे हा विषय लोकप्रिय केला आणि १९५६ साली त्याचे पुस्तक झाले. वरच्या वर्गाचा माणूस जेवताना 'नॅपकिन' मागतो. वर चढू पाहणारा 'सर्व्हिएट' म्हणतो. वरचा माणूस आरशाला 'लुकिंग-ग्लास' म्हणतो, दुसरा 'मिरर'.

या यादीकडे नीट पाहिले पाहिजे. येथे ज्याला खालचा ठरवले आहे तो अडाणी बोलत नाही. तो अधिक सभ्य, अधिक नाजूक शब्द शोधून वापरतो, आणि नेमका त्यामुळेच पकडला जातो. वरचा माणूस मात्र साधा शब्द बेफिकिरीने वापरतो, कारण त्याला काही सिद्ध करायचे नसते. म्हणजे अज्ञान हा गुन्हा नाहीच. चढण्याचा प्रयत्न हा गुन्हा आहे.

यातून भीतीचे एक वेगळे व्याकरण तयार होते. 'मी अँड जॉन वेन्ट' म्हणणाऱ्या इंग्रज मुलाला शाळेत दरडावतात की 'आय' म्हण. मुलाच्या मनात एवढेच ठसते की 'आय' म्हणजे शुद्ध. मग 'बिटवीन यू अँड मी' असे जेथे म्हणायला हवे, तेथेही तो 'आय' घालतो, आणि त्यासाठी पुन्हा हसला जातो. पहिली चूक घरची होती. दुसरी शाळेने शिकवली. विल्यम लाबोव्ह यांनी न्यूयॉर्क शहराच्या बोलीचा अभ्यास १९६६ साली प्रसिद्ध केला. सावधपणे बोलताना वरच्या वर्गाच्याही पुढे जाऊन प्रतिष्ठित उच्चार करणारा वर्ग त्यांना आढळला. तो होता कनिष्ठ मध्यमवर्ग. वर्गातल्या पहिल्या बाकावर अंग चोरून बसलेला, प्रत्येक शब्द तोलून बोलणारा आपला विद्यार्थी ज्याने पाहिला आहे, त्याला या निष्कर्षाचे आश्चर्य वाटणार नाही.

४

१९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हा नाव घेतले ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथरचे. आपण त्यांच्या संघर्षाविषयी बरेच लिहिले, त्यांच्या कवितेविषयी लिहिले. त्यांच्या व्याकरणाविषयी मात्र फारसे लिहिले नाही. ते लिहिण्याजोगे आहे.

अमेरिकेत ज्या उच्चारावर सर्वांत जास्त नाक मुरडले जाते तो 'आस्क' ऐवजी 'आक्स' हा. हा उच्चार कृष्णवर्णीयांच्या बोलीशी जोडला जातो आणि ती आळशी जिभेची खूण मानली जाते. वास्तविक जुन्या इंग्रजीत ही दोन्ही रूपे होती. चॉसरने 'आक्स' लिहिले आहे. १५३५ साली छापलेल्या कव्हरडेलच्या बायबलातही तेच रूप आहे. म्हणजे ज्या रूपाने देवाकडे मागणे चालत होते, ते रूप गुलामाच्या वंशजाच्या तोंडी आल्यावर अशुद्ध झाले. आपल्याकडे 'पानी' आणि 'लोनी' म्हणणाऱ्याची जी गत होते तीच ही गत. हिंदीत 'पानी' चालते, ती राष्ट्राची भाषा म्हणून मिरवते. वाडीवस्तीवरच्या माणसाच्या तोंडी तोच 'न' त्याची जात सांगतो.

दुसरा आक्षेप दुहेरी नकाराचा. 'आय डोन्ट नो नथिंग' म्हणणाऱ्याला गणित सांगतात की दोन नकारांचा होकार होतो. चॉसरने आपल्या सरदाराच्या सभ्यपणाचे वर्णन करताना एकाच विधानात चार नकार वापरले आहेत. त्यामुळे सरदार असभ्य ठरला नाही.

तिसरे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे. कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत 'शी वर्किंग' आणि 'शी बी वर्किंग' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्याचा अर्थ, ती आत्ता कामावर आहे. दुसऱ्याचा अर्थ, ती नेहमी काम करत असते. प्रमाण इंग्रजीतील 'शी इज वर्किंग' या वाक्यातून हा भेद आपोआप कळत नाही. वेगळा शब्द जोडून सांगावा लागतो. मराठी माणसाला तो लगेच कळावा, कारण 'ती काम करते आहे' आणि 'ती काम करत असते' हा भेद आपण रोज करतो. ज्याला तोडकेमोडके इंग्रजी म्हटले गेले, त्यात प्रमाण इंग्रजीत नसलेली एक बारकाई निघाली. ही मुले शाळेत येताना भाषाच घेऊन येत नाहीत, असे त्या वेळचे काही मानसशास्त्रज्ञ म्हणत. लाबोव्ह यांनी १९६९ सालच्या निबंधात त्यांना उत्तर दिले आणि या बोलीला स्वतःचे काटेकोर नियम आहेत, हे दाखवले.

प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथील एका प्राथमिक शाळेतील गरीब कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने दावा लावण्यात आला. १९७९ साली न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी निकाल दिला की मुलांची घरची भाषा ओळखून तिच्या आधारे प्रमाण इंग्रजीचे वाचन शिकवण्याची व्यवस्था शिक्षणमंडळाने केली पाहिजे. निकालाने प्रमाण इंग्रजी नाकारले नाही. तिच्याकडे जाण्याची वाट मुलाच्या दारापासून सुरू करा, एवढेच सांगितले. तरी १९९६ साली कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या शाळामंडळाने याच दिशेचा ठराव केला, तेव्हा साऱ्या देशात त्याची टिंगल झाली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञांच्या संस्थेने त्या धोरणाला शास्त्रीय आधार आहे असा ठराव केला. टिंगल जितकी दूर गेली तितका तो ठराव गेला नाही.

५

आता आपला वर्ग घेऊ. आपला विद्यार्थी 'डिस्कस अबाउट' लिहितो. त्याच्या मागे 'त्याविषयी चर्चा केली' हे मराठी वाक्य उभे आहे. तो 'कझिन ब्रदर' म्हणतो. ज्याच्या भाषेत चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ अशी चार नाती स्वतंत्र नावांनी नांदतात, त्याला 'कझिन' या एका शब्दात भाऊ की बहीण हेसुद्धा कळत नाही. म्हणून तो 'ब्रदर' जोडतो. तो बैठक 'प्रीपोन' करतो, कारण 'पोस्टपोन' आहे तर त्याचा विरुद्ध शब्द हवाच. हा शेवटचा शब्द आज ऑक्सफर्डच्या कोशात नोंदलेला आहे. या चुकांत मूर्खपणा नाही. मराठीतून इंग्रजीकडे जाताना केलेला विचार आहे.

त्यांच्यावर सर्वांत मोठ्याने कोण हसतो? इंग्रज नव्हे. हसतो तो आपल्याच शहरातील, दोन पिढ्या इंग्रजी शाळेत गेलेला माणूस. त्याचे आजोबा साहेबाच्या कचेरीत कारकून असताना हेच इंग्रजी लिहीत होते आणि साहेब त्यांना 'बाबू इंग्लिश' म्हणून हसत होता. हसण्याची ही पायरी एकेक करून खाली सरकते. जातिव्यवस्थेविषयी बाबासाहेबांनी जे सांगितले, की वर चढणारा तिरस्कार आणि खाली उतरणारा तुच्छभाव अशी ती उतरंड आहे, तीच उतरंड येथे शब्दांची आहे.

साहेबाच्या चुका मात्र नकाशावर छापल्या गेल्या. खडकीचे 'किर्की' झाले, पुण्याचे 'पूना' झाले, जगन्नाथाचा 'जगरनॉट' झाला. त्याला कोणी अशुद्ध म्हटले नाही. आमच्या गिरणीतल्या माणसाने 'स्टेशन'ला 'ठेसन' आणि 'ऑफिस'ला 'हापिस' म्हटले, ते मात्र नाटकात विनोदाला लागले. राजा राव यांनी १९३८ साली 'कांतापुरा'मध्ये इंग्रजीला कन्नड बोलण्याची लय दिली, सलमान रश्दी यांनी १९८१ साली 'मिडनाइट्स चिल्ड्रन'मध्ये इंग्रजी हवी तशी वाकवली. त्याला प्रयोग म्हणतात, आणि तो प्रयोग आहेच. पण वाकवण्याचा हक्क कोणाला आणि वाकण्याची सक्ती कोणावर, हा प्रश्न उरतो. मराठीत हे आपण पाहिले आहे. १९७२ साली 'गोलपिठा' आणि १९७८ साली 'बलुतं' आले, तेव्हा या भाषेचे काय करायचे, असा प्रश्न प्रमाण मराठीच्या रखवालदारांना पडला होता.

इंग्रजीच्या वापरावर चिडायचेच असेल तर चिडण्याजोगी एक जागा मी दाखवतो. 'पारिया' हा इंग्रजीतील रोजचा शब्द आहे. वाळीत टाकलेला, कोणी जवळ करू नये असा माणूस किंवा देश, हा त्याचा अर्थ. तो शब्द तामिळनाडूतील परैयर या अस्पृश्य ठरवलेल्या जातीच्या नावावरून आला आहे. एका जिवंत समाजाचे नाव शिवीसारखे वापरले जाते आणि बहुतेक बिनबोभाट वापरले जाते. रांगेवरच्या पाटीतील 'लेस' ज्यांना झोपू देत नाही, त्यांना या शब्दावर सुखाने झोप लागते.

६

येथवर आल्यावर आपल्यातील काही तरुण मित्र म्हणतात: मग हे नियमच फेकून द्या. प्रमाण भाषा हे वरच्यांचे कारस्थान आहे. आमचा विद्यार्थी लिहील तेच इंग्रजी. मला ही भूमिका मान्य नाही. ही भूमिका घेणाऱ्याला स्वतःला प्रमाण इंग्रजी येत असते. शिडी चढून गेल्यावर शिडी निरुपयोगी आहे, असे वरून सांगणे सोपे असते.

सावित्रीबाईंच्या १८५४ सालच्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणारी कविता आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे आपले निवेदन इंग्रजीतून मांडले. ज्या सत्तेशी बोलायचे तिच्या भाषेत नेमके बोलता आले पाहिजे, हे त्यांना ठाऊक होते.

म्हणून नियमांत फरक केला पाहिजे. काही नियम अर्थ राखतात, काही नियम दर्जा राखतात. अमेरिकेतील मेन राज्यात एका दुग्धकंपनीच्या ट्रकचालकांनी जादा कामाच्या मजुरीसाठी दावा केला. कोणत्या कामांना जादा मजुरी नाही, याची यादी कायद्यात होती. यादीच्या शेवटी 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी' असे एकच काम आहे, की 'बांधणी' आणि 'वितरण' अशी दोन कामे आहेत, हे ठरवणारा स्वल्पविराम तेथे नव्हता. चालक वितरण करत, बांधणी करत नसत. २०१७ साली अपील न्यायालयाने ही संदिग्धता चालकांच्या बाजूने सोडवली आणि २०१८ साली ५० लाख डॉलरची तडजोड झाली. येथे विरामचिन्ह कामगाराच्या भाकरीशी बांधलेले आहे. हा नियम आपल्या मुलाला आलाच पाहिजे, आणि पक्का आला पाहिजे. वाक्याच्या शेवटी 'विथ' आल्याने मात्र कोणाची भाकरी जात नाही. गेलीच तर मुलाखत घेणाऱ्याच्या नाकामुळे जाते.

शिक्षकाने दोन्ही नियम शिकवावेत, पण कोणता कोणत्या जातीचा हे सांगून शिकवावेत. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको, हे सांगावे. ते का आले, हेही फळ्यावर लिहून दाखवावे. उत्तरपत्रिकेत अर्थाच्या चुकीला गुण कापावेत. दर्जाच्या चुकीखाली रेघ ओढून परीक्षेला आणि अर्जाला काय चालते ते लिहावे, गुण कापू नयेत. आणि एखादे मूल चुकीचे बोलले असता वर्गात हशा झाला, तर त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवून त्या हशाचा धडा घ्यावा. 'आक्स' चॉसरने लिहिले आहे, हे ज्या मुलाला एकदा कळले, ते मूल 'आस्क' म्हणायला शिकेल. पण खाली मान घालून शिकणार नाही.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना भाषणातील काही भाग बदलण्याची विनंती केली. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे त्यांनी कळवले. भाषण झाले नाही. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' हे पुस्तक त्यांनी स्वतः छापले. त्यांचे इंग्रजी कोणत्याही इंग्रजाच्या पट्टीला उतरणारे होते. पण ते पट्टीसाठी लिहिलेले नव्हते. आपला स्वल्पविराम कोठे द्यायचा हे ठाऊक असणे आणि तो दुसऱ्याच्या सांगण्यावरून न हलवणे, या दोन्ही गोष्टी आपल्या विद्यार्थ्याला शिकवायच्या आहेत. पहिली गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकात मिळते. दुसरी आपल्याला वर्गात उभे राहूनच द्यावी लागेल.